कॉम्प्युटर कुठल्या डोमेनमध्ये आहे हे स्क्रिप्टने कसं काढायचं? दोन डोमेन झालेत आणि यादी जुळत नाहीये

चाकणकर:
नमस्कार मंडळी. इथे सिस्टिम ॲडमिनचं काम करणारे बरेच जण आहेत म्हणून धागा काढतोय. आमच्या कंपनीने दुसरा एक प्लांट घेतला, त्यांचं स्वतःचं ॲक्टिव्ह डिरेक्टरी डोमेन (सगळ्या मशीन आणि अकाउंट एका जागेवरून सांभाळायची विंडोजची व्यवस्था) होतं, आमचं आमचं होतं, आता दोन्हीच्या मध्ये ट्रस्ट केलाय त्यामुळे तिकडचे इंजिनियर इकडे येऊन लॉगिन करू शकतात आणि इकडचे तिकडे. समजायला सोपं जावं म्हणून आमचं डोमेन चाकण.लोकल आणि त्यांचं रांजणगाव.लोकल असं धरू, खरी नावं वेगळी आहेत.

आता वरून मागणी आलीय की दोन्हीकडच्या सगळ्या मशीनची यादी द्या, कुठली मशीन कुठल्या डोमेनमध्ये आणि कुठल्या अजून वर्कग्रुपवरच, म्हणजे डोमेनला न जोडलेल्या, सुट्या आहेत. आधीच्या व्हेंडरने करून ठेवलेली एक व्हीबीस्क्रिप्ट (विंडोजच्या जुन्या स्क्रिप्ट भाषेतली) आहे, लॉगिन झालं की ती कॉम्प्युटरनेम आणि यूजरडोमेन ही दोन एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (विंडोजने लॉगिनच्या वेळी भरून ठेवलेली माहिती) उचलते आणि नेटवर्क शेअरवरच्या टेक्स्ट फाइलमध्ये एक ओळ टाकते. फाइल उघडली तर क्वालिटीमधली एकच मशीन सकाळी चाकण आणि दुपारी रांजणगाव! काही ओळींमध्ये तर डोमेनच्या जागी मशीनचंच नाव परत आलंय. मशीन काय दिवसातून दोनदा डोमेन बदलत नाही. पॉवरशेल (विंडोजची नवी स्क्रिप्ट भाषा) कामापुरतं येतं. नक्की कुठून वाचलं म्हणजे खरं डोमेन कळेल?

कोथरूडची_ॲडमिन:
चाकणकर, स्क्रिप्ट बिघडलेली नाहीये, ती दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर देतेय. यूजरडोमेन हे लॉगिन केलेल्या माणसाचं डोमेन असतं, मशीनचं नाही. सकाळी तुमचा माणूस बसला म्हणून चाकण आलं, दुपारी तिकडचा इंजिनियर त्याच मशीनवर बसला म्हणून रांजणगाव. आणि कुणी लोकल अकाउंटने आत शिरलं, समजा लोकल ॲडमिनिस्ट्रेटर, तर त्या अकाउंटचा मालक ती मशीनच असते म्हणून तिथे मशीनचं नाव येतं. पाहुण्याचं आडनाव वाचून घर कुणाचं ते लिहून घ्यावं तसं चाललंय ते.

मशीनचं डोमेन पाहिजे तर मशीनलाच विचारा. पॉवरशेलमध्ये गेट-सिमइन्स्टन्स विन३२_कॉम्प्युटरसिस्टम (इथे देवनागरीत लिहितेय, टाइप करताना रोमन). त्यातून सिलेक्ट-ऑब्जेक्ट लावून नेम, डोमेन, पार्टऑफडोमेन, डोमेनरोल एवढे चार कॉलम घ्या. कोण लॉगिन आहे याच्याशी ह्याचा काही संबंध नाही, कोणीही लॉगिन नसलं तरी उत्तर तेच येणार.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा, आधी पार्टऑफडोमेन बघायचं आणि मगच डोमेन. मशीन डोमेनमध्ये नसेल तर डोमेन ह्या कॉलममध्ये वर्कग्रुपचं नाव येतं, रिकामं येत नाही. म्हणजे नुसता डोमेन कॉलम एक्सेलमध्ये ओढलात तर वर्कग्रुप हेसुद्धा एक डोमेन आहे असं दिसेल, आणि कुणीतरी वर्कग्रुपचं नाव बदलून कंपनीचंच नाव ठेवलं असेल (बऱ्याच ठिकाणी ठेवतात) तर यादी बघून कोणालाही पत्ता लागणार नाही. असल्या यादीवर पुढे पॅचिंग ठरतं, अँटीव्हायरसची लायसन्स ठरतात, आणि जी मशीन डोमेनमध्ये आहे असं समजून चालतो तिच्यावर ग्रुप पॉलिसी (डोमेनमधून सगळ्या मशीनना लागणारे नियम) पोचलेलीच नसते. म्हणून इतकं बजावून सांगतेय.

रोहा_रिटर्न्स:
एवढं कशाला, कमांड प्रॉम्प्टवर सिस्टिमइन्फो मारा, त्यात डोमेन म्हणून ओळ येते, फाइंडस्ट्र लावून ती उचला, झालं काम. बॅच फाइलमध्ये वर्षानुवर्षं चाललंय आमच्याकडे.

श्टुटगार्टचा_श्री:
रोहा, तुमच्याकडे चालतं कारण सगळं विंडोज इंग्रजी आहे. मी जर्मनीत आहे, इथे ऑफिसमध्ये जर्मन विंडोज आणि तिथे सिस्टिमइन्फोच्या ओळीवर डोमेने असं जर्मन नाव येतं, त्यातही उमलाउटवालं (वर दोन टिंबं असलेलं) अक्षर. इंग्रजी शब्द शोधणारी स्क्रिप्ट गप्प राहते, एररही देत नाही, नुसती रिकामी ओळ. नेट कॉन्फिग वर्कस्टेशनचंही तेच, तिकडेही लेबलं भाषेप्रमाणे बदलतात. विन३२_कॉम्प्युटरसिस्टममधली प्रॉपर्टीची नावं मात्र कुठल्याही भाषेच्या विंडोजवर तीच राहतात. स्क्रीनवर माणसासाठी छापलेला मजकूर स्क्रिप्टने वाचायचा नाही असा नियमच करून टाका, दहातल्या नऊ भानगडी टळतील.

शिवाय सिस्टिमइन्फो सगळे हॉटफिक्स, नेटवर्क कार्ड वगैरे गोळा करत बसतं, एका नावासाठी तेवढा वेळ घालवायचा आणि तेही शेकडो मशीनवर, कशाला.

जुना_एनटीवाला:
मी विंडोज एनटी ४ पासून ह्याच धंद्यात आहे म्हणून थोडं मागचं सांगतो, त्याने नावांचा घोळ सुटेल.

एनटीच्या काळात डोमेनला एकच नाव असायचं, नेटबायोसचं (विंडोजची नेटवर्कवरच्या नावांची जुनी पद्धत). पंधरा अक्षरं, कारण नेटबायोसचं नाव सोळा बाइटचं आणि शेवटचा बाइट ही कसली सेवा आहे ते सांगायला राखून ठेवलेला. एक प्रायमरी डोमेन कंट्रोलर (डोमेन चालवणारा सर्व्हर), बाकीचे बॅकअप. मग २००० साली विंडोज २००० बरोबर ॲक्टिव्ह डिरेक्टरी आली आणि डोमेनला डीएनएसच्या (नावावरून पत्ता शोधायची इंटरनेटची पद्धत) धर्तीवर ठिपके असलेलं लांब नाव मिळालं, पण जुनं छोटं नाव काढलं नाही, जुन्या मशीन आणि जुनी सॉफ्टवेअर चालली पाहिजेत म्हणून. तेव्हापासून प्रत्येक डोमेनला दोन नावं आहेत. यूजरडोमेनमध्ये छोटं येतं, विन३२_कॉम्प्युटरसिस्टममध्ये लांब येतं. आणि छोटं नाव म्हणजे लांब नावाचा पहिला तुकडाच असेल अशी काही सक्ती नाही! डोमेन उभारताना छोटं नाव वेगळं देता येतं. मी असं डोमेन बघितलंय की लांब नाव नव्या कंपनीचं आणि छोटं नाव दोन मालकांपूर्वीच्या कंपनीचं. तेव्हा चाकणकर, जुन्या टेक्स्ट फाइलमधली नावं आणि नवी यादी ठिपक्यापर्यंत तोडून जुळवायला जाऊ नका. छोटं नाव हवंच असेल तर ॲक्टिव्ह डिरेक्टरीचं मॉड्यूल टाकलेल्या मशीनवर गेट-एडीडोमेन चालवा, त्यात नेटबायोसनेम म्हणून वेगळी प्रॉपर्टी आहे, दोन डोमेन आहेत तर दोनदा चालवून जोडी लिहून ठेवा, संपलं.

डोमेनरोल ह्या कॉलममध्ये आकडा येतो त्याचा अर्थ पण सांगून ठेवतो. ० म्हणजे सुटं वर्कस्टेशन, १ डोमेनमधलं वर्कस्टेशन, २ सुटा सर्व्हर, ३ डोमेनमधला सर्व्हर, ४ आणि ५ डोमेन कंट्रोलर. तो बॅकअप आणि प्रायमरीचा फरक एनटीतून जसाच्या तसा इथे उतरलाय, आज ५ आला तर ती मशीन पीडीसी एम्युलेटरचं, म्हणजे जुन्या प्रायमरी डोमेन कंट्रोलरच्या जागेचं, काम करतेय असं समजायचं.

व्हीबीस्क्रिप्टमध्येच करायचं असेल तर एडीसिस्टिमइन्फो नावाचं ऑब्जेक्ट आहे, क्रिएटऑब्जेक्टने बनवायचं, त्यात डोमेनडीएनएसनेम, डोमेनशॉर्टनेम, फॉरेस्टडीएनएसनेम, साइटनेम सगळं एका जागी मिळतं. फार सुंदर चीज आहे, लांब आणि छोटं दोन्ही नावं एकदम. पण लोकल अकाउंटने लॉगिन करून चालवलं तर एरर देतं, त्याला डोमेनमधलंच अकाउंट लागतं.

कोथरूडची_ॲडमिन:
काका, एडीसिस्टिमइन्फो चांगलंच आहे पण नवीन काम व्हीबीस्क्रिप्टवर उभं करू नये असं मला वाटतं. मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२३ मध्ये व्हीबीस्क्रिप्ट बंद होणार म्हणून जाहीर केलंय, विंडोज ११ च्या २४एच२ पासून ते वेगळं जोडायचं फीचर झालंय, आत्ता चालू असतं पण पुढच्या टप्प्यात आपोआप चालू राहणार नाही आणि शेवटी निघूनच जाणार. डब्ल्यूएमआयसी ह्या जुन्या कमांडची पण तीच गत, कित्येकांच्या बॅच फायलींमध्ये डब्ल्यूएमआयसी कॉम्प्युटरसिस्टम गेट डोमेन अशी ओळ आहे, ती नव्या विंडोजवर एक दिवस नुसती कमांड सापडली नाही म्हणेल.

जुना_एनटीवाला:
मान्य. नवीन पॉवरशेलमध्येच लिहा. चालू असलेल्या जुन्या स्क्रिप्टही आत्तापासून शोधून ठेवा, लॉगिन स्क्रिप्ट म्हणजे सगळे विसरून गेलेले असतात आणि ती रोज सकाळी चालत असते.

चाकणकर:
सगळ्यांचे आभार, डोक्यातला अर्धा गुंता सुटला. माझ्या मशीनवर आणि आयटी रूममधल्या दोन-चार मशीनवर कमांड मस्त चालली, एका मशीनवर खरंच पार्टऑफडोमेन फॉल्स आणि डोमेनच्या जागी वर्कग्रुप आलं, कोथरूड ताईंनी सांगितलं तसंच.

आता पुढची अडचण. शॉपफ्लोअरवर सीएनसी यंत्रांना जोडलेल्या काही मशीन विंडोज ७ वर आहेत, यंत्र बनवणारा अपग्रेड करू देत नाही. त्यांच्यावर गेट-सिमइन्स्टन्स अशी काही कमांडच नाही म्हणतंय. आणि माझ्या मशीनवरून -कॉम्प्युटरनेम देऊन लांबून विचारलं तर काही ऑफिसच्या लॅपटॉपवरूनही विनआरएमची (विंडोजची मशीनला लांबून विचारायची सेवा) एरर येतेय. प्रत्येक मशीनवर जाऊन बसणं शक्य नाही.

श्टुटगार्टचा_श्री:
विंडोज ७ बरोबर पॉवरशेल २ येतं. सिमच्या कमांडी पॉवरशेल ३ पासून आल्या, २०१२ मध्ये. त्या मशीनवर बसून चालवायचं असेल तर जुनी गेट-डब्ल्यूएमआयऑब्जेक्ट वापरा, क्लास तोच, प्रॉपर्ट्या त्याच. उलट पॉवरशेल ६ आणि ७ मध्ये गेट-डब्ल्यूएमआयऑब्जेक्ट काढून टाकलीय, तिथे सिमच. विंडोजबरोबर येणाऱ्या ५.१ मध्ये दोन्ही चालतात.

लांबून विचारायचा मार्ग दोन्हीत वेगळा आहे आणि एररचं मूळ तिथे आहे. गेट-सिमइन्स्टन्सला -कॉम्प्युटरनेम दिलं की ती विनआरएमने जाते, पोर्ट ५९८५. सर्व्हरवर ते आपोआप चालू असतं, विंडोज १० किंवा ११ च्या लॅपटॉपवर मुद्दाम चालू करावं लागतं, म्हणून तुम्हाला लॅपटॉपवर एरर येतेय. जुनी कमांड डीकॉमने (लांबून विचारायची विंडोजची जुनी पद्धत) जाते, आधी पोर्ट १३५ आणि मग वरचे कुठलेतरी, ४९१५२ पासून पुढचे. प्लांटच्या दोन नेटवर्कमध्ये फायरवॉल असेल तर ही वरची रेंज बहुधा बंद असते.

विंडोज ७ ला तुमच्या नव्या मशीनवरून विचारायचं असेल तर न्यू-सिमसेशनऑप्शनमध्ये प्रोटोकॉल डीकॉम असं सांगायचं, त्या ऑप्शनने न्यू-सिमसेशन उघडायचं आणि ते सेशन गेट-सिमइन्स्टन्सला द्यायचं. मग स्क्रिप्टमध्ये कमांड एकच राहते, नव्या मशीनला विनआरएम, जुन्याला डीकॉम. आधी पहिला मार्ग ट्राय करा, एरर आली तर कॅचमध्ये दुसरा, आणि दोन्ही फसले तर त्या मशीनच्या नावापुढे पोचलो नाही असं लिहा. रिकामं सोडू नका, नंतर बघणाऱ्याला कळत नाही की डोमेन नाही की उत्तरच आलं नाही.

पणजीचो_पावस:
माझ्याकडे निम्मी मशीनं उबुंटूवर आहेत, पायथनमध्ये करायचं तर सॉकेट.गेटएफक्यूडीएन बरोबर आहे का? नाव पूर्ण येतं आणि पहिल्या ठिपक्यानंतरचं सगळं डोमेन म्हणून घेतो. काही मशीनवर मात्र नुसतं होस्टनेमच येतं, ठिपकाच नाही.

टर्मिनलवाली:
पावसा, ते फंक्शन मशीनच्या नावावरून होस्ट फाइल आणि डीएनएस धुंडाळतं आणि जे पहिलं ठिपकेवालं नाव सापडेल ते देतं, नाहीच सापडलं तर साधं होस्टनेम परत करतं. डेबियन आणि उबुंटूमध्ये इन्स्टॉल करताना /इटीसी/होस्ट्समध्ये १२७.०.१.१ ची एक ओळ पडते, तिथे ज्यांनी पूर्ण नाव लिहिलं त्यांचं पूर्ण येतं, ज्यांनी नुसतं छोटं नाव लिहिलं त्यांचं छोटंच. म्हणजे तू डोमेन वाचत नाहीयेस, इन्स्टॉल करणाऱ्याने त्या दिवशी काय टाइप केलं ते वाचतोयस. होस्टनेम -डी आणि डीएनएसडोमेननेम ह्या कमांडीही त्याच वाटेने जातात.

डोमेननेम नावाची पण एक कमांड आहे, तिच्या नादी लागू नकोस, ती एनआयएसचं (युनिक्स मशीनची अकाउंट एकत्र ठेवायची जुनी पद्धत) डोमेन सांगते, सन मायक्रोसिस्टिम्सच्या जमान्यातली गोष्ट, आज बहुतेक मशीनवर नन असंच येतं.

लिनक्स मशीन ॲक्टिव्ह डिरेक्टरीला जोडलीय का हे बघायचं असेल तर रेल्म लिस्ट ही कमांड. रेल्मडीने (लिनक्स मशीन डोमेनला जोडणारी सेवा) जोडलेली असेल तर त्यात रेल्मनेम, डोमेननेम, कॉन्फिगर्ड सगळं येतं. काहीच आलं नाही तर रेल्मडीला कुठलं डोमेन माहीत नाही, मग साम्बाच्या (लिनक्सला विंडोज नेटवर्कशी बोलू देणारं सॉफ्टवेअर) कॉन्फिगमध्ये रेल्मची ओळ आहे का ते बघ, जुन्या लोकांनी हाताने जोडलेल्या मशीन तिथे सापडतात. पायथनमधून सबप्रोसेसने रेल्म लिस्ट चालवून आउटपुट उचल, पण आउटपुटची भाषा (लोकेल) सी, म्हणजे साधं इंग्रजी, ठेवून चालव, वर श्रीने जर्मनचं सांगितलंय तेच इथे.

पणजीचो_पावस:
देव बरें करूं. रेल्म लिस्टने काम झालं, चार मशीनी अशा निघाल्या की होस्ट फाइलमध्ये डोमेनचं नाव रुबाबात लिहिलंय आणि प्रत्यक्षात जोडलेल्याच नाहीत.

रोहा_रिटर्न्स:
मग विंडोजवर आयपीकॉन्फिग /ऑल मधलं डीएनएस सफिक्स का नको? तिथे तर सरळ डोमेन दिसतं.

कोथरूडची_ॲडमिन:
रोहा, तिथे दोन वेगवेगळी सफिक्स दिसतात. वरच्या भागात प्रायमरी डीएनएस सफिक्स, ते मशीनचं. खाली प्रत्येक कार्डाखाली कनेक्शनचं सफिक्स, ते डीएचसीपी (मशीनला नेटवर्कचा पत्ता वाटणारी सेवा) देतं. माणूस घरून काम करत असेल तर तिथे घरच्या राउटरने दिलेलं नाव येतं, व्हीपीएन लावला की अजून एक. त्यामुळे खालचं तर अजिबातच घेऊ नका.

प्रायमरी सफिक्स डोमेनमध्ये जोडताना आपोआप डोमेनसारखंच होतं आणि बहुतेक ठिकाणी ते बरोबर असतं हे खरं. पण ते वेगळं ठेवता येतं. मोठ्या कंपन्यांत डीएनएस एका टीमकडे आणि ॲक्टिव्ह डिरेक्टरी दुसऱ्या टीमकडे असते तिथे मशीनचं सफिक्स एक आणि डोमेनचं नाव दुसरं असं मुद्दाम केलेलं असतं, मायक्रोसॉफ्टच्या कागदपत्रांत त्याला डिसजॉइंट नेमस्पेस म्हणतात. पॉवरशेलमध्ये डॉटनेटचं (मायक्रोसॉफ्टची प्रोग्रामिंगची लायब्ररी) आयपीग्लोबलप्रॉपर्टीज वापरून डोमेननेम काढणारी जी एक ओळ सगळीकडे फिरते ती हेच सफिक्स देते. रजिस्ट्रीत टीसीपीआयपीच्या पॅरामीटर्सखाली डोमेन म्हणून जी व्हॅल्यू आहे ती पण हीच. सफिक्स हवं असेल तेव्हा घ्या ना, त्याचाही उपयोग असतो, पण मशीन कुठल्या डोमेनची सदस्य आहे हे त्यावरून ठरवू नका.

जुना_एनटीवाला:
डॉटनेटमधलाच अजून एक प्रकार सांगतो. डिरेक्टरी सर्व्हिसेसमध्ये डोमेन नावाचा क्लास आहे, त्यात गेटकरंटडोमेन आणि गेटकॉम्प्युटरडोमेन अशी दोन फंक्शनं आहेत. बरेच जण पहिलं वापरतात, ते चालवणाऱ्या यूजरचं डोमेन आहे. मशीनचं पाहिजे तर दुसरं. आणि ही मंडळी डोमेन कंट्रोलरशी बोलायला जातात, माणूस घरी असेल आणि व्हीपीएन नसेल तर एरर. विन३२_कॉम्प्युटरसिस्टम मशीनमधलीच नोंद वाचतं म्हणून नेटवर्क नसलं तरी उत्तर देतं.

ह्याची दुसरी बाजू पण सांगायला हवी. पार्टऑफडोमेन ट्रू आलं म्हणजे डोमेनशी नातं जिवंत आहे असं नाही. जुन्या बॅकअपवरून उठवलेली मशीन, कुणी डिरेक्टरीतून चुकून पुसलेलं कॉम्प्युटर अकाउंट, अशा वेळी मशीनला वाटत असतं मी डोमेनमध्येच आहे आणि लॉगिन करताना ट्रस्ट रिलेशनशिप तुटल्याची एरर येते. ते तपासायला टेस्ट-कॉम्प्युटरसिक्युअरचॅनेल आहे, ट्रू किंवा फॉल्स देतं, त्या मशीनवरच चालवावं लागतं आणि ॲडमिन म्हणून. यादीत हा एक कॉलम जास्त ठेवलात तर पुढचे फोन वाचतील.

चाकणकर:
अजून एक प्रकार समोर आलाय. सेल्सच्या नव्या लॅपटॉपवर पार्टऑफडोमेन फॉल्स येतंय, डोमेनमध्ये वर्कग्रुप, पण माणूस तर कंपनीच्या ईमेल आयडीने लॉगिन करतोय आणि यूजरडोमेनमध्ये अझूरएडी असं येतंय.

कोथरूडची_ॲडमिन:
ते लॅपटॉप क्लाउडला जोडलेत, आधी अझूर एडी म्हणायचे, २०२३ मध्ये नाव बदलून एन्ट्रा आयडी केलं. जुन्या अर्थाने ते डोमेनमध्ये नाहीतच, त्यामुळे फॉल्स बरोबर आहे. त्यांच्यासाठी डीएसरेगसीएमडी /स्टेटस चालवा, वरच्याच भागात अझूरएडीजॉइन्ड आणि डोमेनजॉइन्ड अशा दोन ओळी येतात. पहिली यस दुसरी नो म्हणजे फक्त क्लाउड, दोन्ही यस म्हणजे हायब्रिड, हायब्रिड मशीन विन३२_कॉम्प्युटरसिस्टममध्ये नेहमीसारखी डोमेनवालीच दिसते. खाली टेनंटचं (क्लाउडमधल्या कंपनीच्या खात्याचं) नावही मिळतं. यादीत ह्यांना वर्कग्रुपमध्ये ढकलू नका, वेगळा प्रकार म्हणून लिहा, नाहीतर कुणीतरी नियम म्हणून त्या सगळ्यांना जुन्या डोमेनमध्ये जोडत सुटेल.

टर्मिनलवाली:
जरा विषय सोडून, पण चाकणकर, डोमेनचं शेवट .लोकल खरंच आहे का? असेल तर मॅक आणि लिनक्स मशीन आल्या की त्रास होतो. .लोकल हे मल्टिकास्ट डीएनएससाठी राखून ठेवलंय, आरएफसी ६७६२ (इंटरनेटचं मानक), २०१३ ची. लिनक्स मशीन तसलं नाव नेहमीच्या डीएनएसला विचारायच्या आधी नेटवर्कवर मल्टिकास्टने ओरडून विचारते आणि उत्तर येईपर्यंत थांबते. आणि बाहेरचं कुणाचंतरी नाव आत वापरणं तर त्याहून वाईट. पूर्वी मायक्रोसॉफ्टच्या उदाहरणांत कॉर्प असं नाव असायचं, कित्येकांनी तेच ठेवलं, मग लॅपटॉप ऑफिसबाहेर गेला की त्याच्या विचारणा कॉर्प.कॉमच्या मालकाकडे जायला लागल्या. शेवटी २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टने ते डोमेन विकत घेऊन टाकलं. नवीन काही उभं करणार असाल तर स्वतःच्या नोंदवलेल्या डोमेनचा तुकडा घ्या, किंवा .इंटर्नल, ते आयकॅनने (इंटरनेटवरची नावं सांभाळणारी संस्था) २०२४ मध्ये खाजगी वापरासाठी राखून ठेवलंय.

जुना_एनटीवाला:
हे मात्र शंभर टक्के. चालू डोमेनचं नाव बदलायला सहजासहजी जाऊ नका, एक्स्चेंज (मायक्रोसॉफ्टचा ईमेल सर्व्हर) असेल तर तो मार्गच बंद. दोन प्लांट एकत्र करताना तिसरं नीट नावाचं डोमेन करून दोन्हीकडच्या मशीन त्यात हलवायच्या हा विचार आत्ताच वर मांडा, ही यादी त्यासाठीच कामाला येईल.

चाकणकर:
.लोकल खरंच आहे, दोन्हीकडे. मांडतो वर.

आता स्क्रिप्टबद्दल शेवटची शंका. लांबून विचारण्यापेक्षा प्रत्येक मशीनने स्वतःच माहिती शेअरवर आणून टाकावी असं वाटतंय, ग्रुप पॉलिसीतून स्टार्टअप स्क्रिप्ट म्हणून. दोन्ही डोमेनमध्ये पॉलिसी लावली, रांजणगावच्या मशीनची एकही फाइल येत नाहीये, चाकणच्या येताहेत.

श्टुटगार्टचा_श्री:
स्टार्टअप स्क्रिप्ट सिस्टिम म्हणून चालते, आणि सिस्टिम नेटवर्कवर गेली की ती मशीनच्या स्वतःच्या अकाउंटने जाते. शेअरवर लिहायची परवानगी कुणाला दिलीय? बहुतेक चाकणच्या डोमेन कॉम्प्युटर्स ग्रुपला. रांजणगावचा डोमेन कॉम्प्युटर्स हा वेगळा ग्रुप आहे, त्यालाही शेअर आणि फोल्डर दोन्हीकडे लिहायची परवानगी द्या. नुसती लिहायची, वाचायची नको. आणि सगळ्या मशीनना एकाच फाइलमध्ये लिहायला लावू नका, सकाळी आठला शिफ्ट सुरू होताना सगळे एकदम चालू होतात आणि फाइल एकमेकांची अडवतात. मशीनच्या नावाची एकेक फाइल करा, नंतर तुम्ही इंपोर्ट-सीएसव्हीने सगळ्या एकत्र करा.

टर्मिनलवाली:
एक्सपोर्ट-सीएसव्ही वापरताय तर ५.१ मध्ये -एन्कोडिंग यूटीएफ८ लिहायला विसरू नका, काही न लिहिता दिलं तर ते आस्की (फक्त इंग्रजी अक्षरांचं एन्कोडिंग) लिहितं आणि डिपार्टमेंटची नावं मराठीत असतील तर सगळी प्रश्नचिन्हं होतात, परत आणता येत नाहीत. ७ मध्ये आपोआप यूटीएफ८ आहे पण बॉम (फाइलच्या सुरुवातीची एन्कोडिंगची खूण) नसतो, एक्सेलमध्ये डबल क्लिक करून उघडलं की देवनागरीचा चुराडा दिसतो, तिथे यूटीएफ८बॉम लिहा. आणि ५.१ मध्ये -नोटाइपइन्फर्मेशन, नाहीतर पहिल्या ओळीत ऑब्जेक्टच्या टाइपचं नाव येतं.

चाकणकर:
परवानगी दिली आणि रांजणगावच्या फायली यायला लागल्या. डिपार्टमेंटची नावंही नीट दिसताहेत. क्वालिटीमधली ती मशीन चाकण.लोकलमधलीच आहे, कोणीही लॉगिन केलं तरी.

वर्कग्रुपवाल्यांना पॉलिसी लागू होणार नाही हे कळतंय, त्या मी सिमसेशनला लोकल अकाउंट देऊन लांबून विचारतोय. राहिल्या त्या बंद पडलेल्या किंवा कपाटात ठेवलेल्या मशीन, त्यांचं काय करायचं?

कोथरूडची_ॲडमिन:
वर्कग्रुपवाल्यांना विनआरएमने विचारत असाल तर तुमच्या मशीनवर ट्रस्टेडहोस्ट्समध्ये त्यांची नावं टाकावी लागतील, तिथे चांदणी टाकून सगळ्यांना मोकळं करू नका, नेमकी नावंच टाका आणि काम झालं की काढा.

बंद मशीनसाठी डिरेक्टरीच्या बाजूने या. गेट-एडीकॉम्प्युटरला -सर्व्हर म्हणून आधी एक डोमेन आणि मग दुसरं द्या, नेम, ऑपरेटिंगसिस्टम आणि लास्टलॉगॉनडेट घ्या. ही तारीख लास्टलॉगॉनटाइमस्टॅम्पवरून येते आणि ती रोज बदलत नाही, साधारण ९ ते १४ दिवस मागे असू शकते, म्हणून मागच्या आठवड्यात दिसली नाही म्हणून मशीन मेली असं ठरवू नका. ९० दिवसांच्या पलीकडची जी अकाउंट असतील ती वेगळी काढा. मग ही यादी आणि शेअरवरच्या फायली कंपेअर-ऑब्जेक्टने लावून बघा. डिरेक्टरीत आहे पण फाइल नाही त्या मशीन कपाटं उघडून शोधायच्या, आणि मशीनचं अकाउंट लगेच पुसायचं नाही, आधी डिसेबल करून ठेवायचं, कोणी ओरडलं तर परत चालू करता येतं.